गोळ्या लपवू नका: आयावास्का प्यायला निघालेल्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुम्ही कोण असाल याचा अंदाज आहे. कुणी हिंजवडीत नोकरीला आहे, कुणी न्यू जर्सीत, कुणी बर्लिनमध्ये. कुणाचा संसार नुकताच मोडलाय. कुणाचे वडील गेले आणि दोन वर्षं झाली तरी रडू आलेलं नाही. कुणाला डिप्रेशनच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय. आणि तुम्हा सगळ्यांच्या मनात पेरू देशातलं इकितोस नाहीतर पुकाल्पा घर करून बसलंय. तिथे रात्रीच्या अंधारात आयावास्का नावाचा एक गढूळ, कडूजहर काढा पितात आणि पहाटेपर्यंत माणूस स्वतःच्या तळाशी जाऊन येतो, असं तुम्ही ऐकलंय.

मी तीस वर्षं फार्मसी कॉलेजात फार्मकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते शास्त्र, शिकवली. आता निवृत्त आहे, नाशिकला असते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पेरूच्या शिबिराचे पैसे भरून झाले होते. फोनवर त्याने मला त्यांचा फॉर्म दाखवला. शाकाहारी की मांसाहारी, खोली एकट्याला हवी का, विमानतळावर घ्यायला यायचं का, सगळं विचारलं होतं. औषधांविषयी एकच ओळ होती: मानसोपचाराची औषधे चालू असल्यास दोन आठवडे आधी बंद करावीत. "मॅडम, आजपासून बंद केली तर चालेल ना?" त्याने विचारलं. कोणतं औषध, म्हटलं, तर फ्लुओक्सेटिन, डिप्रेशनची गोळी. चार वर्षांपासून चालू.

फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं नॉरफ्लुओक्सेटिन गोळी थांबवल्यावरही जवळजवळ पाच आठवडे अंगात रेंगाळतं. म्हणजे फॉर्मवरची सूचना अक्षरशः पाळून हा मुलगा त्या काढ्यापुढे बसला असता, तेव्हाही औषध त्याच्या रक्तात असतं. हे त्याला मीच एकदा फळ्यावर लिहून शिकवलेलं. तो हुशार आहे, विसराळू नाही. पण "झाडपाल्याचा काढा आहे, नैसर्गिक आहे" हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की फार्मसीची पदवीही उपयोगी पडत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याच्यासारखे आणखी किती असतील या विचाराने मला झोप लागेना, म्हणून हे पत्र.

आधी तो काढा काय आहे ते नीट समजून घ्या, कारण त्याची ताकद आणि त्याचा धोका एकाच जागी आहेत.

आपल्या सह्याद्रीत थंडी सरता सरता माधवीलता फुलते. पांढरी, झालरीसारख्या काठांची फुलं आणि एका पाकळीवर पिवळा डाग. आयावास्काची वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी, तिच्याच कुळातली. केचुआ भाषेत 'आया' म्हणजे मेलेला माणूस किंवा आत्मा, आणि 'वास्का' म्हणजे दोर, वेल. कोलंबियात तिला याहे म्हणतात, शुआर लोक नातेम म्हणतात, आशानिंका कामाराम्पी. ही वेल ठेचून तासन् तास उकळतात आणि तिच्यात बहुतेक ठिकाणी आणखी एका झाडाची पानं घालतात. पेरू-ब्राझीलमध्ये ती पानं चाक्रुनाची. हे झुडूप कॉफीच्या कुळातलं आहे.

पानांत डीएमटी असतं, भास दाखवणारं रसायन. पण नुसत्या पानांचा काढा कितीही प्यायला तरी काही घडत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. दारावरच्या पहारेकऱ्यासारखं ते डीएमटीला आतच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं या पहारेकऱ्याला काही तासांसाठी बाजूला करतात. तेवढ्या वेळात पानांतलं डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. हार्मिन हे नाव आलं हरमळ या झुडपाच्या बियांवरून. एकोणिसाव्या शतकात ते प्रथम तिथे सापडलं. पुढे कोलंबियातल्या संशोधकांनी वेलीतून एक द्रव्य काढलं आणि भारावून जाऊन त्याला 'टेलिपॅथीन' असं नाव दिलं. ते हार्मिनच निघालं.

ॲमेझॉनच्या जंगलात झाडांच्या हजारो जाती. त्यांतून नेमकी ही दोन झाडं एकत्र उकळायची हे तिथल्या माणसांना कसं कळलं? झाडांनीच सांगितलं, असं ते म्हणतात. फार्मकॉलॉजीच्या शिक्षिकेकडे याहून बरं उत्तर नाही. ज्यांनी विकराचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी विकर थोपवणारं औषध बनवलं, या गोष्टीपुढे मी आजही हात जोडते. अनेक जमातींत पानापेक्षा वेलीचाच मान मोठा आहे. काढ्याला नाव वेलीचं आहे ते उगाच नाही.

आता धोक्याकडे येते. तो पहारेकरी काही फक्त डीएमटीसाठी बसलेला नाही. तुमच्या स्वतःच्या मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, तेही त्याच्याच जातीचा पहारेकरी मोडतो. न्हाणीघरातल्या मोरीची कल्पना करा. पाणी जायला दोन भोकं आहेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्या त्यातलं एक भोक अडवतात, म्हणजे सेरोटोनिन पेशीत परत शोषलं जाण्याची वाट. काढा दुसरं अडवतो. वर नळ चालूच. मोरी तुंबली की जे होतं त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. आधी अस्वस्थपणा, घाम, हातपाय थरथरणं. मग स्नायू ताठरणं, पाय आपोआप झटके देणं, ताप झपाट्याने चढणं, छाती धडधडणं. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. कॅलवे आणि ग्रोब या संशोधकांनी १९९८ मध्येच याविषयी लेखी इशारा दिला होता.

अवघड बाब अशी की यातली सुरुवातीची लक्षणं त्या रात्री कुणालाही होतातच. आयावास्का प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मळमळ सुरू होते. उलट्या होतात, जुलाब होतात, घाम येतो, अंग कापतं, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. तिथले लोक उलटीला 'पुर्गा' म्हणतात, आतली घाण बाहेर पडणं मानतात. त्यामुळे शेजारी बसलेल्याला वाटतं, याची शुद्धी चाललीय. अंधारात, गाण्याच्या तालात, शुद्धी कोणती आणि विषबाधा कोणती हे ओळखणार कोण?

नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांवर थांबू नका. आपल्या घरांतल्या औषधांच्या डब्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे. कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. कंबरदुखीसाठी, ऑपरेशननंतर सर्रास लिहून दिलं जाणारं ट्रामाडॉल. लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक. पार्टीत घेतली जाणारी एमडीएमए. हे सगळं त्याच मोरीत जातं. इकितोसला पोचल्यावर खोकला झाला आणि आईने बॅगेत घातलेलं सिरप दोन चमचे घेतलं, एवढंही पुरे होऊ शकतं.

"मग सगळं बंद करून जातो" असं म्हणाल, तर त्याचीही भीती सांगते. या गोळ्या एकदम थांबवल्या तर काहींना डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, चक्कर येते, झोप उडते, आणि ज्या अंधारातून गोळ्यांनी तुम्हाला बाहेर काढलं होतं तो परत येतो. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊन गेलेले असतील तर ही वाट फार निसरडी आहे. थांबवायच्या का, कधी, किती हळूहळू, हे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचं. शिबिराच्या फॉर्मने नाही, मैत्रिणीच्या अनुभवाने नाही आणि मीही नाही. डॉक्टर रागावतील म्हणून न सांगता जाणारे मला जास्त काळजीचे वाटतात. रागावू देत. हवं तर उलट उत्तर द्या, पण सांगा.

ज्यांना बायपोलर आजार आहे, स्किझोफ्रेनिया आहे, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला आहे, त्यांच्याशी मी आडपडदा न ठेवता बोलते: जाऊ नका. या काढ्याने उन्माद किंवा वेडाचा झटका उठल्याची उदाहरणं वैद्यकीय लेखांत नोंदली गेली आहेत, आणि तो झटका सकाळी काढ्याबरोबर उतरेलच असं नाही. आपल्याकडे काकाला 'जरा डोक्याचं' होतं एवढंच सांगून घरं विषय मिटवतात. तो विषय एकदा उकरून काढा. लिथियम चालू असणाऱ्यांनी आणि हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनीही हेच समजावं.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल बाई काढ्याच्या विरोधातच आहे. तसं नाही. ब्राझीलमधल्या नाताल शहरात डॉक्टरांनी २९ रुग्णांवर केलेली चाचणी मी लक्षपूर्वक वाचली आहे. हे सगळे असे, की ज्यांचं डिप्रेशन नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हतं. काहींना एकदाच आयावास्का दिला, काहींना तसाच कडू, पोट ढवळणारा पण निरुपद्रवी द्रव. सात दिवसांनी आयावास्का घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा होती, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांत. हे लहान आकडे नाहीत. पण ते मिळाले रुग्णालयात, आधीची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून, मनोविकाराचा धोका असलेल्यांना गाळून. शिबिराची जाहिरात आकडा उचलते आणि बाकीचं तिथेच सोडते.

२०२२ मध्ये दहा हजारांहून जास्त आयावास्का घेतलेल्यांच्या जागतिक पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या जवळजवळ ५६ टक्के लोकांनी नंतरच्या आठवड्यांत, महिन्यांत मनाला काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या बहुतेकांना तो त्रास बरं होण्याचाच भाग वाटला, हेही खरं. पण साधारण १२ टक्क्यांना त्यासाठी तज्ज्ञाची मदत घ्यावी लागली. परत आल्यावर आपल्याला कोण भेटणार आहे, कुणापाशी बोलणार आहोत, हे तिकीट काढतानाच ठरवलेलं असावं.

आता परंपरेबद्दल, कारण "हजारो वर्षांची परंपरा" हा शब्द तुम्हाला सर्वांत जास्त धीर देतो. बोलिव्हियाच्या नैर्ऋत्येला एका गुहेत साधारण हजार वर्षांपूर्वीची एक चामड्याची पिशवी सापडली. तिच्याबरोबरच्या सामानात हार्मिन आणि डीएमटीचे अंश मिळाले. पण ते काढा करून प्यायले जात होते असं त्यावरून सिद्ध होत नाही. काढ्याची प्रथा मिशनऱ्यांच्या वसाहती आणि रबराच्या धंद्याबरोबर गेल्या दोन-तीन शतकांत पसरली, असं म्हणणारे गंभीर अभ्यासक आहेत. (आणि वेदांतला सोम म्हणजे हेच, असं जे आपल्याकडे कुणी कुणी ठोकून देतात, त्याला काहीही आधार नाही. ती वेल इथे उगवतच नव्हती.)

वयापेक्षा मला त्या परंपरेतले नियम महत्त्वाचे वाटतात. कितीतरी जमातींत काढा पिणारा असायचा वैद्य. आजारी माणूस समोर पडून राहायचा. वैद्य पिऊन आजाराचं मूळ शोधायचा, कुणी करणी केली का ते बघायचा, आणि गाऊन ते बाहेर काढायचा. पैसे भरून वीस अनोळखी माणसांनी एका रांगेत प्यायची पद्धत नवी आहे. वैद्य होण्यासाठी 'दिएता' करावी लागते. या शब्दाला मराठीत आपला चपखल शब्द आहे: पथ्य. मीठ नाही, साखर नाही, डुकराचं मांस नाही, मिरची नाही, स्त्रीपुरुष संबंध नाही, एकांतात राहायचं, एखाद्या झाडाशी महिनोन्‌महिने संगत करायची, आणि त्याच्याकडून गाणी शिकायची. त्या गाण्यांना इकारो म्हणतात. उकायाली नदीकाठच्या शिपिबो लोकांत असा जाणता म्हणजे 'ओनान्या'. तो रात्रभर गातो, मापाचो तंबाखूचा धूर सोडतो, कुणाची अवस्था बिघडतेय हे अंधारात ओळखतो आणि गाणं बदलतो. माझ्या दृष्टीने ते गाणं आणि ते पथ्य औषधाचाच भाग आहे. आपला वैद्यही पुडी देताना आधी पथ्य सांगायचा, आणि पथ्य न पाळणाऱ्याला पुडी द्यायचा नाही.

ब्राझीलमध्ये काढ्याभोवती उभे राहिलेले धर्मही याच शिस्तीवर टिकले. रबर गोळा करणाऱ्या गरीब मजुरांच्या मुलखात, आक्रेमध्ये, रायमुंदो इरिनेऊ सेर्रा यांनी १९३० मध्ये सांतो दाइमेची सुरुवात केली. जोझे गाब्रिएल दा कोस्ता यांनी १९६१ मध्ये उनियाव दो वेजेताल स्थापन केलं. तिथे ठरलेले दिवस, ठरलेली माणसं, ठरलेली जागा. मनाउसमधल्या अशा जुन्या सभासदांची १९९३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यांची तब्येत चांगली आढळली. पण ती माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होती, दर पंधरवड्याला भेटत होती. आठवड्याच्या पॅकेजवर गेलेल्या पर्यटकाशी त्यांची तुलना कशी होईल?

२००८ मध्ये पेरू सरकारने आयावास्काचं पारंपरिक ज्ञान आणि वापर ही राष्ट्राची सांस्कृतिक संपदा असल्याचं जाहीर केलं. त्याच निर्णयात संदर्भ सोडून, धंद्यासाठी होणाऱ्या वापरापासून हा पारंपरिक वापर वेगळा असल्याचंही म्हटलं. जाहिरातींत पहिला अर्धा भाग वाचायला मिळतो.

काढ्यात आणखी काय घातलंय हे विचारा. काही जण त्यात 'तोए' घालतात. ब्रुगमान्सिया, घंटेसारखी खाली लोंबणारी मोठी फुलं, आपल्या धोत्र्याचा सख्खा भाऊ. धोत्रा पिंडीवर वाहतात, पोटात घेत नाहीत, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. तोएमधल्या स्कोपोलॅमिनने माणूस तासन् तास भ्रमात जातो, नंतर त्याला काही आठवत नाही. ज्या ठिकाणी "काढ्यात काय आहे" याचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे पिऊ नका.

मुलींनो, तुमच्याशी एक वेगळं बोलायचं आहे. या समारंभांत स्त्रियांवर हात टाकल्याच्या, त्याहून वाईट घडल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की चाक्रुना इन्स्टिट्यूट या संस्थेने त्याविषयी खास मार्गदर्शिका काढली. स्थानिक वैद्यांकडूनही झालं, परदेशी आयोजकांकडूनही. ऊर्जा शुद्ध करायची म्हणून कुणी कपडे काढायला सांगितले, एकटीला वेगळ्या खोपट्यात बोलावलं, तर ते उपचार नसतात. विश्वासाची मैत्रीण बरोबर असू द्या, आणि त्या रात्री तिने पिऊ नये.

उकायालीत ओलिव्हिया अरेवालो नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या शिपिबो आजी होत्या. इकारो गाणाऱ्या, वैद्य. एप्रिल २०१८ मध्ये त्यांना त्यांच्या गावात गोळ्या घालून मारलं. गावकऱ्यांनी संशयावरून एका कॅनेडियन माणसाला जमावाने ठार केलं. तो तिथली वनौषधं शिकायला तिकडे आलेला होता. बाहेरच्यांची ही गर्दी त्या गावांवर काय आणते, हे मला त्या बातमीपासून विसरता येत नाही. जी गाणी तुम्ही ऐकायला चाललात ती ज्यांची आहेत त्यांच्या हातात तुमच्या पैशातलं किती पडतं, एवढं तरी विचारा. १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळवलं होतं. ॲमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासी संघटनांनी ते १९९९ मध्ये रद्द करवलं, तर २००१ मध्ये ते पुन्हा बहाल झालं आणि मुदत संपून २००३ मध्ये सुटलं. हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये रद्द झालं तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता, ते माझ्या वयाच्यांना आठवत असेल. त्यांची वेल म्हणजे त्यांची हळद.

आणि कुणी म्हणालं की पेरू कशाला, गोव्यात किंवा लोणावळ्याच्या बंगल्यावरच करतो, तर ऐका. डीएमटी भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत आहे. पार्सलने मागवणं, बाळगणं, देणं, सगळ्यात गुन्हा आहे. शिवाय तिथे ओनान्या नसतो, पथ्य नसतं, आणि काही बिनसलं तर पोलिसांच्या भीतीने तुम्हाला दवाखान्यात न्यायला कुणी तयार नसतं.

माझा विद्यार्थी पेरूला गेला नाही. डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि यंदा गोळ्या थांबवण्याजोगी त्याची स्थिती नाही, असं सांगितलं. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. तो माझ्यावर अजून थोडा नाराज आहे. वडील गेल्याचं त्याचं दुःख तसंच आहे, आणि त्यासाठी काहीतरी करायला हवं, हे मलाही कळतं. आता तो दर गुरुवारी समुपदेशकाकडे जातो. तेवढ्याने होईल की नाही, आत्ताच सांगता येत नाही.

तुम्ही मात्र आज रात्री एक करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या, ॲलर्जीच्या, दुखण्याच्या, वजन कमी करायच्या, आयुर्वेदिक म्हणून आणलेल्या पुड्यासुद्धा, टेबलावर मांडा. गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतलंत ते कागदावर लिहा, तारखांसकट. आईला फोन करून विचारा, घरात कुणाला मनाचा आजार होता का. तो कागद घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा आणि मग तोच शिबिरवाल्यांना पाठवा. त्यांनी प्रत्येक औषधाविषयी उलट प्रश्न विचारले नाहीत, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री तिथे कशाने नेणार हे सांगितलं नाही, तर पैसे बुडाले तरी चालतील, तिकीट रद्द करा.

तुमची,
फार्मकॉलॉजीची एक निवृत्त शिक्षिका
नाशिक